पुण्याचा खेळ, लंडनचा दरबार

एखाद्या गोष्टीचा उगम आपल्या गांवीं झाला असें कानीं आलें, कीं मनुष्याच्या अंगावर सहजच मूठभर मांस चढतें. मग ती गोष्ट पुढें कोणीं वाढविली, तिच्यासाठीं कोणीं पदरमोड केली, तिचे नियम कोणीं बांधले, हें विचारण्याची त्यास फारशी गरज वाटत नाहीं. बॅडमिंटनच्या बाबतींत आम्हां महाराष्ट्रीयांचें बरेंचसें असेंच झालें आहे. ‘हा खेळ मूळचा पुण्याचा’ हें वाक्य आमच्या घरोघरीं इतक्या वेळां उच्चारलें गेलें आहे, कीं तें आतां पुराव्याची अपेक्षाच करीत नाहीं. परंतु ज्या स्पर्धेनें या खेळास जगांत प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या ऑल इंग्लंड स्पर्धेचा इतिहास आमच्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे? तो संक्षेपानें सांगावा, आणि त्या ओघांत आमच्या अभिमानाचीही थोडी तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम उगमाचा प्रश्न घेऊं. पिसांचें फूल फळीनें अगर रॅकेटनें टोलवून हवेंत खेळवीत ठेवण्याचा मुलांचा खेळ युरोपांत फार जुना आहे. त्यांत जाळें नव्हतें, हारजीत नव्हती. फूल जमिनीवर पडूं द्यावयाचें नाहीं, एवढीच काय ती ईर्षा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांतील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं मध्यें जाळें बांधून हा खेळ दोन बाजूंच्या चुरशीचा केला. पुण्याच्या छावणींत तो विशेष रंगला, म्हणून त्यास ‘पूना’ हेंच नांव पडलें, आणि १८७० नंतरच्या दशकांत तेथें त्याचे नियमही लिहून काढण्यांत आले. दक्षिणेंत तंजावराकडे तर वाऱ्यापावसांत हलक्या फुलाचा टिकाव लागेना म्हणून लोकरीचा चेंडू घेऊन खेळण्याची पद्धति पडली. आजचा बॉल बॅडमिंटन तो हाच.

इकडे इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांत ड्यूक ऑफ ब्यूफर्ट यांचा ‘बॅडमिंटन हाउस’ नांवाचा वाडा आहे. रजेवर गेलेल्या अधिकाऱ्यांनीं १८७३ सालीं त्या वाड्यांतील एका मेजवानींत हा खेळ दाखविला, आणि त्यावरून खेळास वाड्याचें नांव मिळालें, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. आख्यायिका गोड आहे. परंतु तिला एक अडचण आहे. लंडनचा खेळण्यांचा व्यापारी आयझॅक स्प्रॅट यानें १८६० सालींच ‘बॅडमिंटन बॅटलडोर’ या नांवाची एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. म्हणजे मेजवानीच्या तेरा वर्षें आधींच तें नांव छापून झालें होतें! तेव्हां खेळाचें नांव व त्याचें बाळपण हीं इंग्लंडांतलीं, आणि त्यास चुरशीचें वळण लागलें तें हिंदुस्थानांतील छावण्यांत, इतकेंच विधान आम्हांस सुरक्षित वाटतें.

आणि येथें एक अप्रिय गोष्टही बोलून टाकली पाहिजे. ‘पुण्याचा खेळ’ असें आम्ही म्हणतों खरें. परंतु तो खेळणारे लोक पेठांतले नव्हते, लष्करांतले होते. त्या काळीं जिमखान्यांचीं दारें बहुशः हिंदी मनुष्यास बंदच असत. पुण्यानें या खेळास आपली हवा दिली, मोकळी जागा दिली आणि कांहीं काळ आपलें नांव दिलें. तेंही थोडें नाहीं. परंतु जन्मभूमि होणें निराळें आणि आईबाप होणें निराळें. खेळाचें संगोपन ज्यांनीं केलें, त्यांच्याकडे आतां वळूं.

हिंदुस्थानांतून निवृत्त होऊन गेलेले अधिकारी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गांवीं स्थायिक झाले आणि बरोबर हा खेळही घेऊन गेले. प्रत्येक क्लबाची रीत वेगळी होती. कोर्टाची आकृति तर मोठी विलक्षण होती; दोन्ही टोकांस रुंद आणि जाळ्यापाशीं अरुंद, जणूं वाळूचें घड्याळच आडवें पाडलें आहे. या बेबंदशाहीस आळा घालण्यासाठीं १८९३ सालीं पोर्टस्मथ येथें कांहीं क्लबांचे प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं बॅडमिंटन असोसिएशन स्थापन करून एकच नियमावलि प्रसिद्ध केली. वाळूच्या घड्याळाचा आकार मात्र १९०१ सालापर्यंत टिकला. त्यानंतर आजचें सरळ लंबचौकोनी कोर्ट आलें.

संस्था झाली, नियम झाले. आतां उरली ती स्पर्धा. १० मार्च १८९८ रोजीं गिल्डफर्ड येथें पहिली खुली स्पर्धा झाली. ती यशस्वी झालेली पाहून पुढील वर्षीं, ४ एप्रिल १८९९ रोजीं, लंडनमध्यें बकिंगहॅम गेट येथील लंडन स्कॉटिश पलटणीच्या कवाइतीच्या दालनांत पहिली ऑल इंग्लंड स्पर्धा भरली. तींत एकेरीचे सामनेच नव्हते. पुरुषांची दुहेरी, स्त्रियांची दुहेरी आणि मिश्र दुहेरी, एवढेच तीन प्रकार होते. एकेरी १९०० सालीं आली. आमच्या वाचक भगिनींनीं एक गोष्ट अवश्य लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १८९९ साल म्हणजे राणी व्हिक्टोरियाचें राज्य. इंग्लंडच्या पार्लमेंटसाठीं स्त्रियांस मत देण्याचा अधिकार मिळण्यास अजून एकोणीस वर्षें अवकाश होता. तरीही या स्पर्धेच्या पहिल्याच दिवशीं तीन प्रकारांपैकीं दोहोंत स्त्रिया रॅकेट घेऊन उभ्या होत्या. १९०० सालीं एकेरीची पहिली विजेती ठरलेली एथेल थॉमसन हिनें पुढें लग्नानंतर, एथेल लार्कोम या नांवानें, १९१२ सालीं विंबल्डनचें टेनिसचें विजेतेपदही मिळविलें.

स्पर्धेचें बिऱ्हाड आरंभीं फिरतें होतें. १९०२ सालीं ती क्रिस्टल पॅलेस या कांचेच्या प्रासादांत झाली, पुढील सात वर्षें दुसऱ्या एका पलटणीच्या इमारतींत झाली, आणि १९१० पासून १९३९ पर्यंत व्हिन्सेंट स्क्वेअर येथील हॉर्टिकल्चरल हॉलमध्यें, म्हणजे फुलाफळांच्या प्रदर्शनासाठीं बांधलेल्या वास्तूंत, ती सुखानें नांदली. पलटणीचीं दालनें आणि प्रदर्शनाच्या इमारती यांची या खेळास एवढी गरज कां पडावी, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचें उत्तर फुलांत आहे. सोळा पिसांचें हें फूल वजनानें अवघें पांच ग्रॅमच्या आसपास भरतें. वाऱ्याची लहानशी झुळूकही त्याचा मार्ग बदलते. जाळें मध्यभागीं पांच फूट उंच असतें, आणि त्यावरून बोटभर अंतर राखून फूल पलीकडे सोडण्यांत निम्मी विद्या आहे. ही विद्या उघड्या हवेंत साधत नाहीं. आमच्याकडे अंगणांत अगर गच्चीवर खेळणाऱ्यांस हें अनुभवानें माहीत आहे. इंग्लंडांतील थंडीनें खेळास छपराखालीं ढकललें, आणि छपराखालीं गेल्यावर करमणुकीची कला झाली. पुण्याच्या मोकळ्या हवेंत जें झालें नसतें, तें लंडनच्या बंद दालनांत झालें.

या स्पर्धेच्या जुन्या पर्वांतील सर्वांत मोठा पुरुष म्हणजे सर जॉर्ज थॉमस. १९०३ ते १९२८ या पंचवीस वर्षांत त्यांनीं एकेरी, दुहेरी व मिश्र दुहेरी मिळून एकवीस विजेतेपदें मिळविलीं. त्यांपैकीं एकेरीचीं चार, १९२० पासून १९२३ पर्यंत ओळीनें. या काळांत पहिल्या महायुद्धामुळें १९१५ ते १९१९ हीं पांच वर्षें स्पर्धा बंद होती, हेंही ध्यानांत घ्यावें. याच गृहस्थांनीं १९३४-३५ च्या हेस्टिंग्जच्या बुद्धिबळ स्पर्धेंत कापाब्लांका व बॉट्विन्निक या दोन धुरंधरांस हरविलें! रॅकेट आणि प्यादें या दोहोंवर सारखेंच प्रभुत्व असलेला दुसरा मनुष्य आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. १९३४ सालीं नऊ देशांच्या संघटनांनीं मिळून आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापिला, तेव्हां त्याचें पहिलें अध्यक्षपद साहजिकच त्यांच्याकडे आलें. त्या नऊ नांवांत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, डेन्मार्क, हॉलंड, फ्रान्स, कॅनडा आणि न्यूझीलंड हे देश होते. ज्या भूमीनें या खेळास ‘पूना’ हें नांव दिलें, तिचें नांव त्यांत नव्हतें. हिंदुस्थानची स्वतःची संघटना त्याच वर्षीं झाली, आणि महासंघांत तिचा प्रवेश १९३६ सालीं झाला.

‘ऑल इंग्लंड’ या नांवावरून ही केवळ इंग्रजांची घरगुती स्पर्धा असावी असा समज होतो. आरंभीं ती तशी होतीही. पुढें आयर्लंडचे खेळाडू आले. त्यांपैकीं फ्रँक डेव्हलिन यानें एकेरीचें विजेतेपद सहा वेळां नेलें. १९३९ सालीं टागे मॅडसेन या डॅनिश तरुणानें एकेरी जिंकली, आणि ब्रिटिश बेटांबाहेर तें विजेतेपद प्रथमच गेलें. जागतिक विजेतेपदाची वेगळी स्पर्धा १९७७ पर्यंत अस्तित्वांतच नव्हती. त्यामुळें लंडनचा विजेता तोच जगाचा विजेता, असें सर्वजण मानीत. गंमत अशी, कीं १९३८ सालीं राल्फ निकोल्स जिंकला, त्यानंतर पुरुषांच्या एकेरींत आजतागायत एकही इंग्रज विजेता झालेला नाहीं. ज्यांनीं दरबार भरविला, त्यांच्या वांट्यास तेव्हांपासून या मानाच्या गादीभोंवतीं केवळ चवऱ्या ढाळणें आलें. तरीही त्यांनीं दरबार बंद केला नाहीं, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या कोणत्याही विजयाहून मोठी वाटते.

आतां आम्ही त्या प्रसंगाकडे येतों, ज्याकरितां हा लेख लिहावासा वाटला. दुसऱ्या महायुद्धानें १९४० पासून १९४६ पर्यंत स्पर्धा बंद पडली होती. १९४७ च्या मार्च महिन्यांत ती हॅरिंगे येथील नव्या ठिकाणीं पुन्हां भरली. हिंदुस्थानांतून दोन तरुण तेथें गेले होते, प्रकाश नाथ आणि देविंदर मोहन. दोघेही पंजाबचे आणि दोघेही देशांतील अग्रगण्य खेळाडू. दैवयोग असा, कीं उपउपांत्य फेरींत त्या दोघांचीच गांठ पडली. दोघांनीं विचार केला, कीं आपण एकमेकांस दमवून सोडल्यास पुढील फेरींत त्याचा लाभ परक्यास होईल. म्हणून त्यांनीं सामना खेळण्याऐवजीं नाणें उडविलें. कौल प्रकाश नाथाच्या बाजूनें पडला. देविंदर मोहन बाजूस झाला. प्रकाश नाथानें उपांत्य सामना जिंकला आणि अंतिम फेरी गांठली. तेथवर पोंचलेला तो पहिलाच हिंदी मनुष्य.

या नाणेफेकीविषयीं आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. ती योग्य नव्हती. स्पर्धा भरते ती खेळानें निकाल लावण्यासाठीं. नाण्यानें निकाल लावावयाचा तर फूल व रॅकेट हवेंत कशाला? कदाचित् देविंदर मोहनच जिंकता, आणि कदाचित् पुढची सर्वच हकीकत निराळी होती. परंतु हें लिहितांना आमचा हात थोडा अडखळतो, हेंही कबूल केलें पाहिजे. सहा वर्षांच्या युद्धानंतर, हजारों मैल दूर, परक्या थंडींत दोघे मित्र एका देशासाठीं आलेले. आपल्यांतील एकानें तरी शेवटपर्यंत जावें एवढीच त्यांची इच्छा. देविंदर मोहनानें आपला हक्क नाण्याच्या स्वाधीन केला आणि कौल विरुद्ध जातांच तो मुकाट्यानें मागें सरला. नियमाच्या दृष्टीनें आम्ही त्यास दोष देऊं. परंतु त्याच्या ठिकाणीं आम्ही असतों तर काय केलें असतें, याचें उत्तर आम्हांस छातीठोकपणें देतां येत नाहीं.

अंतिम सामन्याचा दिवस उजाडला. त्याच मार्चच्या आरंभीं पंजाबांतील मंत्रिमंडळानें राजीनामा दिला होता, आणि पाठोपाठ लाहोर व अमृतसर या शहरांत दंगलींचा वणवा पेटला होता. प्रकाश नाथाचें घर लाहोरास होतें. सामन्याच्या सकाळीं त्यानें वर्तमानपत्र उघडलें, आणि आपल्याच वस्तीच्या जाळपोळीची वार्ता त्याच्या दृष्टीस पडली, असें त्या दिवसाच्या हकीकतींत सांगितलें जातें. घरची माणसें जिवंत आहेत किंवा नाहींत हें कळण्यास त्वरित मार्ग नव्हता. अशा मनःस्थितींत तो स्वीडनच्या कॉनी येप्सेन याच्यासमोर उभा राहिला आणि सरळ दोन डावांत हरला.

निकालाच्या कोष्टकांत या सामन्यास एकच ओळ मिळते. विजेत्याचें नांव, पराभूताचें नांव, गुण. लाहोरचा धूर त्या ओळींत कोठेंच दिसत नाहीं. येप्सेन हा उत्तम खेळाडू होता, आणि त्याच्या विजयास उणेपणा आणण्याचा आमचा यत्किंचित् हेतु नाहीं. शांत मनाचा प्रकाश नाथही कदाचित् हरलाच असता. आमचें म्हणणें एवढेंच, कीं इतिहास लिहिणारानें कोष्टकापाशीं थांबूं नये. पुढें ऑगस्टमध्यें नकाशावर रेघ ओढली गेली आणि लाहोर परदेश झालें. प्रकाश नाथास लाहोर सोडून भारतांत यावें लागलें, आणि ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरींत तो पुन्हां दिसला नाहीं. ज्या पंजाबनें हे दोन खेळाडू दिले, त्या पंजाबांतील खेळाचीं मैदानें, क्लब आणि शाळा यांची त्या एका वर्षांत जी वाताहत झाली, तिचा हिशेब विजेतेपदांच्या यादीवरून लागणार नाहीं. तो लागतो यादींतील पोकळ्यांवरून. पुरुषांच्या एकेरीच्या अंतिम सामन्यांत पुन्हां भारतीय मनुष्य उभा राहण्यास तब्बल तेहतीस वर्षें लागलीं.

त्या मुदतींत आशियांतील दुसऱ्या देशांनीं काय केलें, हें पाहणें उद्बोधक आहे. सर जॉर्ज थॉमस यांनीं १९३९ सालीं देशादेशांच्या संघांसाठीं एक चषक देऊं केला होता; युद्धामुळें त्याची पहिली स्पर्धा १९४८-४९ च्या हंगामांत झाली. प्रेस्टन येथील अंतिम सामन्यांत मलायानें डेन्मार्कचा ८-१ असा पराभव केला. मलाया त्या वेळीं इंग्रजांच्याच अमलाखालीं होता. पुढील वर्षीं, १९५० सालीं, मलायाचा वाँग पेंग सून हा ऑल इंग्लंड एकेरी जिंकणारा पहिला आशियावासी ठरला, आणि त्यानें तें विजेतेपद एकंदर चार वेळां मिळविलें. नंतर इंडोनेशिया पुढें आला. त्याच्या रूडी हार्टोनो यानें आठ वेळां एकेरी जिंकून सर्वांवर ताण केली. पारतंत्र्य आम्हांसही होतें आणि त्यांसही होतें. खेळाचें ‘जन्मस्थान’ मात्र त्यांच्याकडे नव्हतें. तरीही ते आमच्या पुढें गेले.

याचा अर्थ आमच्याकडे कांहींच झालें नाहीं असा नव्हे. क्रिकेटमहर्षि प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर व सुमन या कन्यांनीं राष्ट्रीय स्पर्धांत विजेतेपदें मिळवून पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतील मुलींस कोर्टाचा मार्ग दाखविला. ज्या खेळास एके काळीं छावणीनें ‘पूना’ म्हटलें, तो पेठांतील घरांचा झाला तो अशा लोकांमुळें. सांगलीस १९३३ सालीं जन्मलेले नंदू नाटेकर १९५४ सालीं ऑल इंग्लंडच्या उपउपांत्य फेरीपर्यंत गेले, आणि १९५६ सालीं क्वालालंपूर येथें स्पर्धा जिंकून परदेशांत एकेरीचें विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय ठरले. १९६१ सालीं सुरू झालेल्या अर्जुन पुरस्काराच्या पहिल्याच मानकऱ्यांत त्यांची गणना झाली. १९६५ सालीं लखनौ येथें दिनेश खन्ना यांनीं आशियाई विजेतेपद मिळविलें. अखेर २३ मार्च १९८० रोजीं वेंब्ली येथें बंगळूरच्या प्रकाश पदुकोण यांनीं इंडोनेशियाच्या लिम स्वी किंग यास १५-३, १५-१० असें हरविलें. १९४७ सालीं एका प्रकाशाच्या हातून निसटलेली गोष्ट दुसऱ्या प्रकाशानें मिळवावी, हा नामसादृश्याचा योगायोग आहे. त्यावर अधिक भार आम्ही घालीत नाहीं. २००१ सालीं बर्मिंगहॅम येथें पुल्लेला गोपीचंद यांनीं चीनच्या चेन हाँग यास १५-१२, १५-६ असें नमवून तोच पराक्रम पुन्हां केला. आणि १५ मे २०२२ रोजीं बँकॉक येथें भारतीय संघानें इंडोनेशियास ३-० असें हरवून थॉमस चषक प्रथमच स्वदेशीं आणला.

या विजयांच्या मागें काय होतें? प्रकाश पदुकोण यांनीं निवृत्तीनंतर बंगळुरांत आणि गोपीचंद यांनीं हैदराबादेंत शिक्षणसंस्था काढल्या. पुढच्या पिढ्या तेथें घडल्या. म्हणजे पोर्टस्मथ येथें १८९३ सालीं कांहीं क्लबांनीं जें केलें, तेंच निराळ्या रीतीनें यांनींही केलें. आपल्या पश्चात् टिकेल अशी व्यवस्था उभी केली.

तेव्हां पुण्याचा अभिमान सोडावा काय? आमचें उत्तर नकारार्थी आहे. अभिमान अवश्य बाळगावा, परंतु तो नेमका असावा. छावणींतील अधिकाऱ्यांनीं जाळें बांधलें, यांत आमचें कर्तृत्व नाहीं. देवधर भगिनी आणि नाटेकर यांनीं तें जाळें आपलेंसें केलें, यांत आहे. आणि ‘हा खेळ मूळचा पुण्याचा’ असें मुलांस पुन्हां कधीं सांगूं, तेव्हां त्या वाक्यास जोडून हॅरिंगेच्या त्या मार्च महिन्याचीही गोष्ट त्यांस सांगावी. लाहोरच्या ज्या तरुणानें घर जळत असतां जगाचा अंतिम सामना खेळला, त्याचें नांव पुण्याच्या मुलांस माहीत असावें, एवढें ऋण तरी या खेळाच्या ‘जन्मभूमीनें’ मानावयास हवें.